विश्लेषण : पोपसाठी सगळी चर्च एकत्र रडली, शेजारच्या पाळकासाठी रडतील का?

पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी व्हॅटिकनमध्ये निधन झाले. ते कॅथलिक चर्चचे प्रमुख होते. पण त्यांना निरोप द्यायला पोपचा अधिकार न मानणारी ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट चर्चही पुढे आली. ज्यांना आपण आपले धर्मप्रमुख मानत नाही, त्यांच्यासाठी एकत्र शोक का करायचा? आणि असा शोक संपल्यावर हाती काय उरते? यवतमाळसारख्या जिल्ह्यात मूठभर ख्रिस्ती कुटुंबे वेगवेगळ्या मंडळ्यांत वाटली गेली आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न रोमपुरता उरत नाही. तो थेट गावाबाहेरच्या दफनभूमीपर्यंत येऊन पोहोचतो.

नेमके काय घडले होते?

२०२५ मध्ये ईस्टर २० एप्रिलला होता. पाश्चिमात्य आणि पौर्वात्य चर्चच्या दिनदर्शिका वेगळ्या असल्याने ईस्टर बहुधा वेगवेगळ्या रविवारी येतो. त्या वर्षी तो एकाच दिवशी आला. पोप फ्रान्सिस यांनी ईस्टरला लोकांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. भारत सरकारने तीन दिवसांचा राजकीय दुखवटा जाहीर केला. २२ आणि २३ एप्रिल, तसेच अंत्यविधीच्या दिवशी म्हणजे २६ एप्रिलला राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला गेला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू स्वतः अंत्यविधीला गेल्या.

तिथे देशोदेशीच्या राष्ट्रप्रमुखांबरोबर इतर चर्चचे प्रमुखही बसले होते. कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख बार्थोलोम्यू आले होते. कँटरबरीचे पद त्या वेळी रिक्त असल्याने चर्च ऑफ इंग्लंडतर्फे यॉर्कचे आर्चबिशप आले होते. जगभरातील अनेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चना एकत्र आणणाऱ्या वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसनेही शोकसंदेश दिला. विधी कॅथलिक पद्धतीचा होता, पण शोक एकट्या कॅथलिकांचा राहिला नव्हता.

पोपचा अधिकार न मानणारे शोकात का सामील झाले?

सौजन्य हे एक कारण झाले, पण ते पुरेसे नाही. फ्रान्सिस यांनी आपल्या बारा वर्षांच्या कारकिर्दीत इतर पंथांच्या दारात स्वतः जाण्याचा परिपाठ ठेवला होता. जुलै २०१४ मध्ये ते इटलीतील कासेर्ता इथे एका पेंटेकोस्टल पाळकांच्या मंडळीत गेले. इटलीत पूर्वी पेंटेकोस्टल लोकांचा छळ झाला होता आणि त्यात कॅथलिकांचाही हात होता. त्याबद्दल त्यांनी तिथे क्षमा मागितली. जून २०१५ मध्ये तुरीन शहरातल्या वाल्देन्सी प्रार्थनामंदिरात त्यांनी अशीच क्षमा मागितली. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी, मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेच्या ५०० व्या वर्षाचा आरंभ करणाऱ्या संयुक्त प्रार्थनेसाठी ते स्वीडनमधील लुंड इथे गेले. ज्या घटनेने पश्चिमेकडचे चर्च फुटले, तिच्या स्मरणाला पोपने जाणे ही साधी गोष्ट नव्हती. २०२३ मध्ये ते दक्षिण सुदानला गेले, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे प्रमुख त्यांच्या सोबत होते.

आपल्याकडे म्हणतात, ज्याने दारात येऊन विचारपूस केली, त्याच्या तिरडीला खांदा द्यावा. इतर चर्चनी शोक केला तो या अर्थाने. पोपपद त्यांना मान्य झाले म्हणून नव्हे, तर हा माणूस आपल्या दारी आला होता म्हणून.

असा एकत्र शोक पूर्वी शक्य होता का?

फारसा नाही. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेने कॅथलिकांना इतर पंथांच्या उपासनेत सक्रिय भाग घ्यायला बंदी केली होती. मात्र तिच्या १२५८ व्या कलमात एक फट ठेवलेली होती. गंभीर कारण असेल, तर लग्न आणि अंत्यविधी अशा प्रसंगी मान राखण्यापुरते नुसते हजर राहण्यास मुभा होती. बसा, पण प्रार्थनेत सामील होऊ नका, असा त्याचा अर्थ. म्हणजे पंथापंथांतल्या भिंती सर्वांत उंच होत्या, तेव्हाही मरणाच्या दारात त्या थोड्या खाली आल्या होत्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) हे चित्र बदलले. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश निघाला आणि एकत्र प्रार्थनेचा मार्ग खुला झाला. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांवर घातलेले बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन्ही बाजूंनी मागे घेतले. १९८३ च्या नव्या संहितेतील ११८३ वे कलम तर एक पाऊल पुढे जाते. दुसऱ्या पंथाच्या व्यक्तीला तिच्या स्वतःच्या पंथाचा पाळक उपलब्ध नसेल आणि तिची इच्छा विरुद्ध नसेल, तर स्थानिक बिशपच्या विचाराने तिचा अंत्यविधी कॅथलिक चर्च करू शकते. २००५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीला कँटरबरीचे आर्चबिशप पदावर असताना गेले. इंग्लंडचे चर्च १५३४ मध्ये रोमपासून वेगळे झाले, हे ध्यानात घेतले की या उपस्थितीचे वजन कळते.

यात यवतमाळचा संबंध काय?

ख्रिस्ती ऐक्याचा विषय निघाला की आपल्याला रोम, जिनिव्हा, फार तर मुंबई आठवते. खरे तर भारतातल्या या प्रयत्नांचे बरेच टप्पे विदर्भात घडले. निरनिराळ्या पंथांतील सुवार्तिक मंडळ्यांना जोडणारी इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया ही संघटना १९५१ मध्ये अकोल्यात सुरू झाली. १९५३ मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. पाळकांना शिक्षण देणारी ही संस्था कुठल्या एका पंथाची नव्हती, म्हणून तिच्या नावात ‘युनियन’ आहे. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. तोवर तीस वर्षे देशभरातल्या विविध मंडळ्यांचे भावी पाळक यवतमाळात एका छताखाली शिकत होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि आधीच एकत्र आलेले युनायटेड चर्च अशी सहा चर्च त्यात विलीन झाली. त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. कॅथलिकांचे अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये झाले आणि यवतमाळ जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. यवतमाळ शहर आणि उमरी इथे मोठे काम झाले ते फ्री मेथडिस्ट मिशनचे. उमरीचे मिशन हॉस्पिटल त्याच कामातून उभे राहिले.

मग एवढ्या थोड्या लोकांत एवढे पंथ आले कुठून? याचे उत्तर धर्मशास्त्रात कमी आणि नकाशात जास्त आहे. इंग्रजी अमदानीत मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते. एका भागात एकाच मिशनने काम करावे, दुसऱ्याने तिथे शिरू नये, असा समजुतीचा करार होता. त्यातून नागपूरकडे स्कॉटिश मिशन, अकोल्याकडे अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट आणि पुढे वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन अशी विभागणी झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरकी झालेली अनेक मुले मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली. ज्या मिशनने भाकर दिली, त्या मिशनची मंडळी पुढे त्या मुलांच्या घराण्याची झाली. आजोबा मेथडिस्ट झाले ते जॉन वेस्लीचे ग्रंथ वाचून नव्हे. त्यांच्या तालुक्यात मेथडिस्ट होते म्हणून झाले. आपला पंथ बहुतेकांना असा भूगोलाने मिळालेला आहे. तेव्हा त्याचा आदर जरूर ठेवावा, पण त्याची भिंत करण्याचे कारण नाही.

मराठीतला धागा कोणता?

या सगळ्यांना बांधणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मराठी बायबल. १८११ मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार छापणारे विल्यम कॅरी बॅप्टिस्ट होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता. पण केडगावच्या मुक्ती मिशनवर त्यांनी कोणत्याही एका पंथाची पाटी लावली नाही आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होण्यापूर्वी संपूर्ण बायबलचा अनुवाद पूर्ण केला. चर्च ऑफ इंग्लंड आजही आपल्या दिनदर्शिकेत त्यांचा स्मरणदिन पाळते. ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॅथलिक धर्मगुरू होते. यवतमाळात २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच्या पुढच्याच, उस्मानाबादच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले मराठी वाचकही मोठ्या संख्येने होते. माणूस लोकांच्या भाषेत बोलला की त्याचा शोक पंथात मावत नाही. दिब्रिटो यांच्या बाबतीत हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

संयुक्त शोकसभेत अडचण कुठे येते?

वरवर पाहता सभा घेणे सोपे वाटते. एक फोटो, हार, चार भाषणे, दोन गीते आणि झाले. अडचण प्रार्थनेपाशी येते. कॅथलिक लोक मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात, त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या तसे करत नाहीत. मृत व्यक्ती प्रभूमध्ये निद्रिस्त झाली आहे, तिचा निवाडा आता देवाच्या हाती आहे, म्हणून तिच्या आयुष्याबद्दल उपकार मानायचे आणि मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी प्रार्थना करायची, अशी त्यांची धारणा असते. संतांना किंवा मरियेला विनवणी करण्याचा भाग आला की प्रोटेस्टंट मंडळी गप्प होते. प्रभूच्या प्रार्थनेचे शेवटचे वाक्य प्रोटेस्टंट लगेच म्हणतात, तर कॅथलिक मिस्सामध्ये ते थोडे नंतर, वेगळे येते. त्यामुळे एकत्र म्हणताना अर्धी सभा आधी थांबते.

आणि सर्वांत मोठी भिंत प्रभुभोजनाची. कॅथलिक मिस्सामध्ये इतर पंथीयांना सर्वसाधारणपणे पवित्र भाकर दिली जात नाही. म्हणजे शोक एकत्र करता येतो, पण एका मेजावर बसता येत नाही. ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ती ठाऊक असली, तर सभेची आखणी शहाणपणाने होते. मिस्सा किंवा प्रभुभोजन न ठेवता शास्त्रवाचन, स्तोत्र, उपकारस्तुती, शांतता आणि प्रभूची प्रार्थना एवढ्यावर भर दिला, तर कुणालाही आपल्या श्रद्धेशी तडजोड करावी लागत नाही. मृताच्या आत्म्यासाठी कॅथलिकांनी आपल्या चर्चमध्ये वेगळी मिस्सा ठेवावी. त्यात इतरांनी नाराज व्हायचे कारण नाही.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप सुवार्तिक मंडळ्यांकडून येतो. ते म्हणतात, पोपपद आम्हाला शास्त्रात सापडत नाही. मग आम्ही श्रद्धांजली वाहिली की आमच्या लोकांचा गोंधळ होईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण शोक करणे म्हणजे शिकवण मान्य करणे नव्हे. शेजारी गेला तर आपण जातो. त्याच्या सगळ्या मतांवर सही करायला जात नाही. उलट, मतभेद असूनही आपले पाळक का गेले, हे मंडळीला नीट समजावून सांगितले, तर गोंधळ होण्याऐवजी शिक्षण होते.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी फोटोपुरती एकी असते. अल्पसंख्य समाजावर दबाव आला की नेते मंचावर हात धरतात आणि घरी गेल्यावर जमिनी, शाळा आणि ट्रस्ट यांच्यावरून कोर्टात भांडतात. या आक्षेपात तथ्य आहे, आणि भांडणे पंथापंथांत होतात तशी एकाच पंथाच्या आतही होतात. म्हणून शोकसभा किती मोठी झाली, यावर एकीचे मोजमाप करू नये. नंतरच्या सहा महिन्यांत काय झाले, यावर करावे.

शोकाची खरी परीक्षा कुठे होते?

पोपच्या निधनाआधी साडेतीन महिने, ७ जानेवारी २०२५ रोजी, छत्तीसगडच्या बस्तर भागातील छिंदवाडा गावाचे एक पाळक वारले. गावाच्या दफनभूमीत किंवा स्वतःच्या शेतात त्यांचे दफन करण्यास गावातून विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. देह शवागारात पडून राहिला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळे निकाल दिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या मते खासगी जमिनीत दफनाला परवानगी द्यायला हवी होती. न्या. सतीश चंद्र शर्मा यांच्या मते ठरवून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच दफन व्हावे. अखेर आणखी विलंब नको म्हणून गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापाल इथे पोलीस बंदोबस्तात दफन करण्याचा आदेश झाला. एका धर्मसेवकाला मातीसाठी वीस दिवस वाट पाहावी लागली.

बस्तर आपल्या गडचिरोलीला लागून आहे. दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकासाठी तीन दिवस ध्वज अर्ध्यावर होता, दुसऱ्यासाठी साडेतीन हात जागा मिळत नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी स्वतः आपली कबर साधी, जमिनीत, नुसते नाव कोरलेली असावी अशी इच्छा लिहून ठेवली होती आणि त्यांचे दफन रोमच्या सांता मारिया माज्जोरे इथे तसेच झाले. ज्या माणसाने एवढेच मागितले, त्याच्यासाठी मेणबत्ती लावणाऱ्यांनी जागा न मिळालेल्या पाळकाचा प्रश्न आपला मानला नाही, तर ती मेणबत्ती फक्त मेणाची उरते.

हा विरोध बाहेरून झाला, हे खरे. पण आतली परिस्थितीही आरशात पाहायला हवी. मोठ्या, जुन्या मंडळीची स्वतःची दफनभूमी असते. नव्या, छोट्या स्वतंत्र मंडळीतला माणूस गेला की प्रश्न सुरू होतात. तो आमच्या नोंदवहीत आहे का? त्याची वर्गणी भरलेली आहे का? त्याचा बाप्तिस्मा कुठे झाला? मृताच्या घरच्यांना त्या दिवशी असे प्रश्न विचारले जाणे हे बाहेरच्या विरोधापेक्षा कमी दुखावणारे नसते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, जिल्ह्यातील सर्व मंडळ्यांनी मिळून दफनाबाबत एक लेखी समजूत करावी. कोणत्याही ख्रिस्ती व्यक्तीला पंथ न विचारता जागा द्यावी, खोदाईचा खर्च आणि नोंद यांचे साधे नियम असावेत. यात धर्मशास्त्राचा अडसर नाही. कॅथलिक संहितेचे १२४० वे कलम सांगते की स्वतंत्र दफनभूमी नसेल, तर प्रत्येक कबर त्या त्या वेळी आशीर्वादित करावी. म्हणजे सामाईक भूमीत प्रत्येकाला आपल्या पद्धतीने विधी करता येतो.

दुसरी गोष्ट, जागेसाठी अर्ज एकत्र करावा. दफनभूमी आणि स्मशानभूमी हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे, आणि प्रत्यक्ष व्यवस्था नगर परिषदा आणि ग्रामपंचायती पाहतात. पाच मंडळ्यांनी पाच अर्ज दिले, तर पाच फायली होतात. सगळ्यांच्या सहीचा एक अर्ज गेला, तर त्याला उत्तर द्यावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत आहेत. त्यातही मोठा भाग मुंबई-वसईकडे. यवतमाळसारख्या २७ लाखांवर लोकसंख्येच्या जिल्ह्यात विखुरलेल्या मंडळ्यांना वेगवेगळे चालणे परवडणारे नाही.

तिसरी गोष्ट, एकमेकांच्या अंत्यविधीला जाण्याची सवय लावावी. बिशप आणि सुपरिंटेंडंट यांच्या निधनापुरते हे ठेवू नये. उमरीच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेली परिचारिका, खेडोपाडी सायकलने फिरलेला सुवार्तिक, रविवारशाळेची बाई यांच्यासाठीही फादर आणि पाळक एकत्र उभे राहावेत. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. त्यातला एक दिवस वर्षभरात गेलेल्या सर्व मंडळ्यांच्या लोकांची नावे एकत्र वाचण्यासाठी ठेवता येईल. त्याला खर्च नाही, परवानगीही लागत नाही.

शिकवणीतले मतभेद यातून मिटणार नाहीत आणि ते घाईने मिटवूही नयेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जुळायला ४१ वर्षे लागली. रोम आणि कॉन्स्टँटिनोपलचे बहिष्कार उठायला नऊशेहून अधिक. प्रभुभोजनाचे मेज एक व्हायला किती लागतील, ते कुणी सांगू शकत नाही. पण कबर खणायला एका दिवसाहून अधिक वेळ लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे. पोप फ्रान्सिस यांच्यासाठी विदर्भातील ज्या कुणी प्रार्थना केली, त्यांनी सुरुवात इथूनच करावी.